बॅटरी उलटी लागली आणि बोर्ड गेला: हे पुन्हा पुन्हा का होतं आणि कायमचं कसं थांबवायचं

"ताई, दिवा लागला नाही, पण वास आला."

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सातवीतला मुलगा दारात उभा राहून हे म्हणाला, तेव्हा बोर्ड हातात घ्यायच्या आधीच मला कळलं होतं. रेषेवरून चालणारी गाडी, दोन बीओ मोटर (खेळण्यातल्या गाडीच्या छोट्या मोटर), दोन १८६५० सेल (गोल लांबट लिथियम सेल), कालच आणलेला नवा सेल होल्डर. होल्डरमध्ये दोन्ही सेल उलटे बसले होते. मोटर ड्रायव्हरच्या (मोटरला करंट पुरवणाऱ्या भागाच्या) आयसीच्या पाठीवर मोहरीएवढा खड्डा पडला होता आणि त्याभोवती पिवळसर डाग. आर्डुइनो नॅनो बोर्ड पाच व्होल्टच्या पिनवरून मेलेला. दोन महिन्यांची मेहनत, आणि जायला एक सेकंदही लागला नाही.

साताऱ्यात दर शनिवारी मुलांना सर्किट जोडायला शिकवते. आमच्याकडे बोर्ड जायची कारणं मोजायला बसलं तर चुकीचा कोड कुठेच नसतो, सुटलेलं सोल्डरही क्वचित. बॅटरी उलटी लागणं हेच पहिल्या नंबरचं कारण. "लक्ष देऊन लाव" हे मी स्वतः वर्षानुवर्षं सांगत आले आणि ते कधीच पुरलं नाही. बॅटरी लावायची वेळ नेहमी घाईची असते: प्रदर्शनात परीक्षक समोर उभे असतात, नाहीतर शेतात अंधार पडलेला असतो. म्हणून आता मी एकच नियम पाळते. माणसाच्या लक्षावर सर्किट सोडायचं नाही, संरक्षण सर्किटमध्येच घालायचं. ते थोडक्या पैशांत होतं. कोणतं कुठे घालायचं, एवढंच नीट कळायला हवं, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

आधी खात्री: खरंच उलटं लागलं होतं का?

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल काडी सर्किटच्या प्लसवर, काळी ग्राउंडवर. आकड्याच्या आधी उणे चिन्ह दिसलं की संपलं, बॅटरी उलटी आहे. वायरच्या रंगावर जाऊ नका, ते पुढे सांगते.

आता बॅटरी काढा आणि मीटर डायोडच्या खुणेवर न्या (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेनं सोडणारा भाग). या वेळी काड्या उलट्या धरा: लाल ग्राउंडवर, काळी प्लसवर. धड असलेला बोर्ड साधारण ०.४ ते ०.७ दाखवतो, कारण आयसीच्या पोटात त्या दिशेला डायोड असतातच. मग काड्या बदला. धड बोर्डवर आकडा हळूहळू चढत जातो (कपॅसिटर भरत असतो) आणि बराच वर जाऊन थांबतो. दोन्ही बाजूंनी शून्याच्या आसपास आकडा आणि बीप आला, तर काहीतरी आतून शॉर्ट झालं आहे. सॉकेटमधले आयसी एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी मोजा. जो काढल्यावर शॉर्ट जातो, तो गेलेला. सॉकेट नसेल तर आधी रेग्युलेटरवर (व्होल्ट ठरावीक ठेवणाऱ्या भागावर) संशय घ्या, मग मोटर ड्रायव्हरवर.

बोर्ड वाचलेला दिसला तरी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून टाका, असं मी म्हणेन. त्याच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर एकाच दिशेचा दाब सोसायला बनवलेला असतो. उलटा एक-दीड व्होल्ट तो कसाबसा सहन करतो, त्यापुढे थर बिघडतो. आज फुगला नाही तर दोन महिन्यांनी फुगेल. टँटॅलम कपॅसिटर तर थेट पेट घेऊ शकतो, त्याच्यावर वाकून बघत बसू नका.

उलटं लागतं कुठे?

नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचं स्नॅप उलटं बसत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे असं सगळ्यांना वाटतं. बसत नाही हे खरं, पण टेकतं. अंधारात किंवा डब्याच्या कोपऱ्यात चाचपडत लावताना गोल टोकाला गोल टोक क्षणभर घासतं, आणि आयसीला तेवढा क्षण पुरतो.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे जुन्या बॅटरीच्या डोक्यावरून काढलेलं स्नॅप. मेलेली चौकोनी बॅटरी फोडून वरची पट्टी काढायची, तिला दोन वायर सोल्डर करायच्या, की फुकटात क्लिप तयार. आमच्याकडे हे सर्रास चालतं आणि काटकसर म्हणून मला ते आवडतंही. मात्र इथे प्लस-मायनस फिरतात. बॅटरीवर लहान गोल टोक प्लस असतं आणि मोठं सहाकोनी मायनस. पट्टी उलटी करून नव्या बॅटरीवर बसवली की सहाकोनी टोक नव्या बॅटरीच्या गोल टोकावर येतं, म्हणजे प्लसवर. तेव्हा अशा घरगुती क्लिपमध्ये लाल वायर सहाकोनी टोकालाच लावायची. जुन्या बॅटरीवर छापलेली खूण बघून लाल वायर गोल टोकाला लावली, तर प्रत्येक वेळी, अगदी नीट लक्ष देऊन लावली तरी, बॅटरी उलटीच लागणार.

१८६५० सेलची तऱ्हा वेगळी. सपाट डोक्याचा सेल घेतला तर दोन्ही टोकं लांबून सारखीच दिसतात. प्लसच्या बाजूला कडेनं खोबण असते आणि मध्ये वेगळी चकती दिसते, ती बोटानं चाचपून बघायची सवय लावा. शिवाय चौकोनी बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे कधीकधी बोर्ड वाचतोही. लिथियम सेल मात्र शॉर्ट झाला की दहा-वीस अँपिअर सहज ओततो. आमच्या वर्गात मुलं चौकोनी बॅटरीवरून लिथियमवर आली आणि नुकसान एकदम वाढलं, त्याचं कारण हे.

लिपो (चपट्या लिथियम) बॅटरीच्या छोट्या दोन पिनांच्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये प्लस कुठल्या पिनला असावा याचा एक नियम नाही. एका दुकानातली बॅटरी आणि दुसऱ्या दुकानातला बोर्ड, कनेक्टर मात्र एकमेकांत टकाटक बसतो. नवी बॅटरी आली की पहिल्यांदा मीटर, मग बोर्ड. उलटी निघाली तर कनेक्टरच्या प्लास्टिकचा छोटा कान टाचणीनं उचलून पिना अदलाबदल करता येतात. एका वेळी एकच पिन बाहेर काढा, दोन्ही उघड्या वायर एकत्र टेकल्या तर नवीच आफत.

डीसी जॅकच्या बाबतीतही तेच. बहुतेक अडॅप्टरमध्ये आतली पिन प्लस असते, पण गिटारच्या इफेक्ट पेडलमध्ये आतली पिन मायनस ठेवायची जुनी रीत आहे. घरात गिटार वाजवणारं कुणी असेल तर तो अडॅप्टर वेगळा ठेवा.

आत नेमकं काय होतं?

आयसीच्या सिलिकॉनमध्ये प्लस आणि ग्राउंडच्या मध्ये जागोजागी डायोड तयार झालेले असतात. बॅटरी सुलट असते तेव्हा ते बंद असतात, म्हणून आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. बॅटरी उलटी झाली की तेच डायोड सताड उघडतात आणि सगळा करंट त्या केसाएवढ्या वाटेनं धावतो. आर्डुइनो अनो बोर्डवरच्या ॲटमेगा३२८पी या मुख्य चिपला ग्राउंडच्या खाली फक्त अर्धा व्होल्ट चालतो, त्यापलीकडे उत्पादक हमी देत नाही.

अनो बोर्डबद्दल एक गैरसमज दूर करते. त्याच्या काळ्या डीसी जॅकच्या मागे एम७ हा डायोड असतो, त्यामुळे जॅकमधून उलटं दिलं तर बोर्ड वाचतो. हे ऐकून मुलं व्हीइन पिनला (बाहेरून व्होल्ट द्यायच्या पिनला) बिनधास्त बॅटरी जोडतात. व्हीइन ही पिन त्या डायोडच्या पुढे आहे. तिथे उलटं दिलं तर मध्ये कुणीही नाही.

उपाय पहिला: वाटेत एक डायोड

प्लसच्या वाटेत डायोड, पट्टीची (अंगावर छापलेल्या रेघेची) बाजू सर्किटकडे. उलटी बॅटरी लागली की वाट बंद. दुकानात गेलात तर तो १एन४००७ देईल. रुपया-दोन रुपयांना मिळतो, १ अँपिअर सोसतो आणि उलटे १००० व्होल्ट अडवतो. आपल्याला हजार व्होल्टचं काहीच काम नसतं. त्या बदल्यात तो जे खातो ते मात्र महागात पडतं: थोड्या करंटला ०.७ व्होल्ट, पूर्ण एका अँपिअरला १ व्होल्टच्या आसपास.

हे किती बोचतं ते बघा. तीन पेन्सिल सेल म्हणजे कोरे असताना ४.५ व्होल्ट. डायोडनं ०.७ खाल्ले, उरले ३.८. ॲटमेगा३२८पी १६ मेगाहर्ट्झवर चालवायला साधारण तेवढेच व्होल्ट लागतात. म्हणजे सेल नवे असतानाच आपण काठावर उभे. तासाभरानं सेल जरा उतरले की बोर्ड आपोआप रीसेट व्हायला लागतो आणि मुलं दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसतात. असा बोर्ड माझ्याकडे आला की मी आधी डायोड कोणता लावलाय ते बघते.

म्हणून १एन५८१९ मागा. हा शॉटकी डायोड, म्हणजे कमी व्होल्ट खाणारा प्रकार. १ अँपिअर, ४० व्होल्ट, आणि शे-दोनशे मिलिअँपिअरला ०.३ ते ०.४ व्होल्टच खातो. चौकोनी बॅटरी आणि ७८०५ (५ व्होल्ट देणारा) रेग्युलेटर अशी जोडी असेल तर ७८०५ ला आत साधारण ७ व्होल्ट लागतात. १एन४००७ लावला तर बॅटरी ७.७ पर्यंत उतरली की खेळ संपतो. १एन५८१९ लावला तर ७.३ ते ७.४ पर्यंत चालतं. चौकोनी बॅटरीत मुळात जीव थोडा, त्यातला एवढा वाटा वाचवणं मोलाचं आहे. एलईडीचं सर्किट, रेडिओ, सेन्सर, मुलांचे पहिले प्रोजेक्ट, या सगळ्यांना मी डोळे झाकून हाच डायोड सांगते.

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो कुठेही मिळतो. गावाकडे दुकानदार "तेच ते, हा घ्या" म्हणून ४००७ हातात ठेवेल. डायोडवरचा बारीक नंबर वाचूनच घ्या.

चार डायोडचा ब्रिज लावला तर बॅटरी कशीही लावा, चालतं. पण दोन डायोड वाटेत येतात, म्हणजे जवळपास दीड व्होल्ट गेले. बारा व्होल्टच्या एलईडी पट्टीला ठीक, बाकी ठिकाणी मी वापरत नाही.

उपाय दुसरा: पी-चॅनल मॉसफेट

एकच लिथियम सेल असेल, किंवा मोटर असतील, तर डायोड परवडत नाही. तिथे मॉसफेट, म्हणजे गेट, ड्रेन आणि सोर्स अशा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच; गेटवरच्या व्होल्टनं तो उघडतो. आणि याच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण इंटरनेटवरून बघून जोडलेले निम्मे मॉसफेट माझ्याकडे उलटे आलेले असतात.

जोडणी अशी: बॅटरीचा प्लस ड्रेनला, सर्किटचा प्लस सोर्सला, आणि गेट १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला. वाचताना हे चुकीचं वाटतं, कारण एरवी स्विच म्हणून वापरताना पी-चॅनलचा सोर्स बॅटरीकडे असतो. इथे मुद्दाम फिरवलेला आहे. मॉसफेटच्या आत एक डायोड जन्मजात असतो आणि पी-चॅनलमध्ये तो ड्रेनकडून सोर्सकडे करंट सोडतो. बॅटरी सुलट लावली की आधी त्या डायोडमधून सर्किटकडे करंट जातो, सोर्स वर चढतो, गेट ग्राउंडलाच असल्यामुळे सोर्सच्या मानानं खाली राहतो, आणि मॉसफेट पूर्ण उघडतो. मग डायोडचं काम उरत नाही, सगळा करंट उघड्या वाटेनं जातो. बॅटरी उलटी लावली तर आतला डायोडही बंद आणि मॉसफेटही बंद.

सोर्स बॅटरीकडे लावला तर काय होतं? सुलट बॅटरीवर सगळं झकास चालतं. मुलगा खूश, मीही खूश. आणि ज्या दिवशी बॅटरी उलटी लागते, त्या दिवशी आतला डायोड सताड उघडा असतो. म्हणजे संरक्षण लावलंच नव्हतं. ही चूक चालू सर्किटवर दिसत नाही, म्हणून खाली सांगितलेली उलटी चाचणी केल्याशिवाय मी कुणाचा बोर्ड पास करत नाही.

कोणता घ्यायचा? मोठ्या आकारात आयआरएफ९५४०एन सगळीकडे मिळतो. अक्षरं आपल्याकडे धरली तर डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. पण त्याला गेटवर २ ते ४ व्होल्ट मिळेपर्यंत जागच येत नाही आणि नीट उघडायला १० व्होल्टच्या जवळपास हवेत. दोन लिथियम सेल म्हणजे ७.४ व्होल्टला तो अर्ध्या-एक अँपिअरसाठी चालून जातो. एका सेलवर, ३.७ व्होल्टला, तो अर्धवट उघडतो आणि तापतो. एका सेलसाठी एओ३४०१ घ्या. अडीच व्होल्टलाही तो चांगला उघडतो आणि अर्ध्या अँपिअरला जेमतेम ३०-४० मिलिव्होल्ट खातो. तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो, तीन पायांचा. एकटा पाय ड्रेन. दोन पायांची बाजू खाली धरून वरून बघितलं तर डावा गेट, उजवा सोर्स. झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या बोर्डवर) तो दोन बोटांत धरून लावणं मुलांना जमत नाही. आधी एका पॅडवर जरासं सोल्डर टाका, चिमट्यानं मॉसफेट धरून तोच पाय वितळवून चिकटवा, मग बाकीचे दोन.

आता व्होल्टेजची मर्यादा. एओ३४०१ चा गेट १२ व्होल्टच सोसतो. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते, म्हणजे मॉसफेट गेला. आयआरएफ९५४०एन चा गेट २० सोसतो, तिथे तो बरा. त्याहून वरच्या बॅटरीला गेट आणि सोर्सच्या मध्ये १२ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टच्या वर जाऊ न देणारा डायोड), १एन४७४२, लावा, पट्टी सोर्सकडे, आणि गेटचा रेझिस्टर १०० किलोओहम करा.

मोठी बॅटरी असेल तर फ्यूज

यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी शेतावरच्या झटका मशीनला आणि सोलर दिव्यांना सर्रास लावतात. तिथे करंट जास्त आणि क्रोकोडाइल क्लिप हातानं लावायच्या. अशा ठिकाणी प्लस वायरमध्ये, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घाला, आणि फ्यूजच्या पुढे प्लस-ग्राउंडच्या मध्ये आडवा डायोड, पट्टी प्लसकडे. सुलट असताना डायोड झोपलेला. उलटं लागलं की तो शॉर्ट होऊन सगळा करंट अंगावर घेतो आणि फ्यूज उडतो. व्होल्टेज अजिबात वाया जात नाही.

पण हा डायोड फ्यूज उडेपर्यंत जगला पाहिजे. १एन४००७ क्षणभराचा ३० अँपिअरचा झटका सोसतो, १एन५४०८ दोनशेचा. ५ अँपिअरच्या फ्यूजपुढे ४००७ लावू नका. आणि आपोआप पूर्ववत होणारा पॉलीफ्यूज लावायचा असेल तर तो काचेच्या फ्यूजपेक्षा सावकाश तुटतो हे ध्यानात ठेवून डायोड आणखी दणकट घ्या.

जिथे हे काहीच चालत नाही

दोन जागा अशा आहेत की वरचा एकही उपाय तिथे कामाला येत नाही.

एक, सेल एकमेकांना समांतर जोडलेले असतात तेव्हा. दोन १८६५० समांतर होल्डरमध्ये आहेत आणि एक उलटा बसला, तर दोन्ही सेल एकमेकांतच शॉर्ट होतात. तुमचा डायोड, मॉसफेट, सगळं बाहेर बसलेलं असतं, त्याला काही कळतही नाही. होल्डरचं प्लास्टिक वितळतं आणि सेल पेटू शकतो. मुलांच्या हातात समांतर होल्डर मी कधीच देत नाही. जास्त वेळ हवा असेल तर एकच मोठ्या क्षमतेचा सेल.

दोन, चार्जर. लिथियम सेल चार्ज करायला टीपी४०५६ चं छोटं मॉड्यूल सगळे वापरतात. त्यावर बहुतेकदा ओव्हरडिस्चार्जचं (सेल जास्त रिकामा होण्याविरुद्धचं) संरक्षण असतं, उलट्या सेलचं नसतं. सेल उलटा बसला की चिप जळते. तिथे मॉसफेटची युक्ती अर्धीच चालते, कारण यूएसबी लावलेलं असेल तर चार्जरचे व्होल्ट सोर्सवर येतात, मॉसफेट उघडतो आणि उलटा सेल थेट चार्जरवर पडतो. इथे बंदोबस्त हातानंच करायचा: सेल होल्डरमध्ये कायमचा बसवून वरून टेप लावा आणि तो काढायची गरजच ठेवू नका. होल्डरच्या प्लसच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे छोटे तुकडे चिकटवले, तर उंच टोकाचा सेल सुलटच टेकतो, सपाट बाजू पत्र्यापर्यंत पोचतच नाही. जुन्या कॅसेटच्या डबीचं प्लास्टिक यासाठी उत्तम.

उलटी चाचणी

संरक्षण लावलं की ते मुद्दाम उलटं करून बघायचंच. पण सरळ बॅटरी उलटी लावू नका. छोट्या सर्किटला प्लसमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर घाला, बारा व्होल्टला गाडीचा २१ वॉटचा बल्ब. मग बॅटरी उलटी जोडा. डायोड किंवा मॉसफेट नीट असेल तर रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये मीटर शून्य दाखवेल, बल्ब मिणमिणणारही नाही. आडवा डायोड असेल तर सर्किटवर उणे ०.७ च्या आसपास दिसेल आणि बल्ब लागेल, ते बरोबर आहे. काही वेगळं दिसलं तर काय चुकलं ते शांतपणे शोधा. रेझिस्टरमुळे बोर्ड अजून जिवंत आहे.

त्या संध्याकाळी मुलाच्या गाडीला माझ्याकडचा जुना नॅनो आणि नवा ड्रायव्हर लावला. आयआरएफ९५४०एन त्यानंच सोल्डर केला, दोनदा काढून. रेझिस्टर घालून सेल उलटे बसवले तेव्हा तो मागे सरकून उभा राहिला होता. मीटरवर ०.००. मग रेझिस्टर काढला, सेल सुलटे केले, आणि मोटर चालू असताना ड्रेन-सोर्समध्ये मोजलं तर जेमतेम ०.०६ व्होल्ट. त्यानं तो आकडा वहीत लिहून घेतला आणि होल्डरच्या प्लसच्या टोकाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला.